लाजरीची खोली

"शेवटची एकच खोली उरलीय. पण ती प्राण्यांच्या मजल्यावर आहे. सोबत कुणी आहे का... चार पायांचं?" काउंटरवरच्या तरुणानं रजिस्टरात बघत विचारलं.

चार दिवसांच्या शिक्षक-प्रशिक्षणाला आलेली ती. बाकीची सगळी हॉटेलं भरलेली, पायांचे तुकडे पडायचे बाकी.

"आहे ना... मांजर," ती बोलून गेली. "पिशवीत आहे. फार लाजाळू आहे हो, कुणी पाहिलं की आजारीच पडते."

आता त्यानं मान वर केली. डोळ्यांत इतका विश्वास, की तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"नाव?"

"ला... लाजरी."

चौथीच्या वर्गात फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' लिहिणाऱ्या हातानं तिनं खाली सही ठोकली.

त्यानं स्वतः वर येऊन लाजरीच्या शी-शूसाठी माती भरलेला ट्रे दिला, छोटी गादी दिली. गादीवर आधीच्या मांजर-पाहुण्यांचे केस. ती संध्याकाळभर शिंकत राहिली. फोनवर आई म्हणाली, "मांजर? अगं, तुला तर लहानपणापासून मांजर चालत नाही! कुठून सुचतात गं हे उद्योग?"

सकाळी दार वाजलं. झाकलेल्या वाटीत वाफवलेला मासा.

"लाजरीसाठी. काटे काढलेत."

काटे काढलेले! टाकवेना. शेवटी तिनंच खाल्ला. चवदार निघाला, हे तर आणखीनच लाजिरवाणं.

"खाल्ला का तिनं?" ती प्रशिक्षणाला निघाली, तेव्हा त्यानं काउंटरवरून विचारलं.

"चाटूनपुसून. पण मीठ कमी आहे म्हणाली."

"मांजराला मीठ घालत नाहीत, बाई!" तो इतका मोकळा हसला, की ती दिवसभर प्रशिक्षणात भलत्याच पानावर होती. मग मनात आलं... कुणाला फसवतोय आपण? तेव्हापासून ती मागच्या जिन्यानं ये-जा करू लागली. त्याला तोंड कसं दाखवायचं?

तिसऱ्या दिवशी प्रशिक्षण लवकर सुटलं. ती चोरपावलांनी खोलीत येऊन बसते न बसते, तोच बाहेर कुणीतरी दाराला टेकून बसलं.

"लाजरे, ऐकतेस ना? तुझ्या बाई नाहीत, म्हणून सांगतो. त्या हसल्या ना, की माझ्या हातून चाव्यांची अदलाबदल होते. सकाळी कुत्रेवाल्या आजोबांना पोपटाच्या खोलीची चावी दिली मी... उद्या जाणार त्या. काय करू, सांग?"

तिनं श्वास रोखला. नाक मात्र ऐकेना. एक शिंक... मग दुसरी.

"अरे देवा! सर्दी झाली तुला? झाडणाऱ्या मावशी म्हणत होत्या, ट्रेसुद्धा कोरडाच आहे..." त्यानं घाईघाईनं फोन लावला. "डॉक्टर, असाल तसे या!"

आता मात्र तिनं दार उघडलं. नाक लाल, डोळे ओले.

"नका बोलावू त्यांना. मांजर नाहीये. कधीच नव्हतं... खोलीसाठी खोटं बोलले मी."

त्यानं तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. गादी, ट्रे, धुऊन पालथी घातलेली वाटी.

"आणि मासा?"

"मी खाल्ला."

तो हसला नाही. "पहाटे उठून काटे काढत होतो मी."

रागावला असता तर बरं झालं असतं. तिची मान खालीच राहिली. "म्हणून तर तोंड चुकवत होते. खोली काढून घ्या माझ्याकडून. खरंच."

त्यानं पुन्हा एकदा वाटीकडे पाहिलं. मग एकदम दचकला. "म्हणजे... आत्ता मी कुणाशी बोलत होतो?"

"माझ्याशी."

त्याचे कान तिच्या नाकापेक्षा लाल झाले. फोनमधून बारीक आवाज येत होता, "हॅलो! मांजर कसं आहे?"

"मांजर... बरं आहे, डॉक्टर. माझंच काही खरं नाही." त्यानं फोन ठेवला. दोघंही उंबरठ्याकडे बघत उभी.

"तुम्ही काहीतरी विचारलं होतंत," ती हळूच म्हणाली. "काय करू, सांग..."

"ते मांजराला विचारलं होतं."

"मग मांजर सांगतंय," तिनं वाटी उचलून त्याच्या हातात ठेवली, "उद्या मासा दोघांपुरता आणा. आणि मीठ घाला."