वेल्डनसाहेबाचा दगड

दगड गेला, अशी वर्दी पालघरच्या ठाण्यात आली आणि दुपारपर्यंत फौजदार खंडेराव नवापूरच्या किनाऱ्यावर पोहोचले. वाटेत शेवाळावरून घसरून दोनदा आपटले. श्रावणात या गावातला एकही दगड पायाला थारा देत नव्हता.

साल १९६६. गेलेला दगड म्हणजे पाटाएवढी फरशी, अडीचशे वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश पार्लमेंटच्या एका सभासदाच्या थडग्यावरची. नाव हंफ्री वेल्डन. थंडीच्या दिवसांत चंद्रभान मास्तरांना ती मासळी सुकवायच्या वाळूत सापडली आणि तिथेच ठेवलेली होती. उद्या मुंबईहून एक इतिहासतज्ज्ञ ती तपासायला येणार होते आणि आज फरशीचा पत्ता नव्हता. हवालदारानं पोशा तांडेलाला चावडीत डांबूनही टाकलं होतं.

पोशाची बायको रंभाबाई होडीपाशी दोडकी तोडत होती. पावसाळ्यासाठी वर ओढलेली होडी माडाच्या झापांनी शाकारलेली होती आणि झापांवर वेल गच्च चढला होता.

"पोशाचा त्या दगडावर राग होता?"

"व्हता, सायेब. दगडापायी मासली सुकवाची जागा सरकार घेल, असं सगले बोलत. पन माजा नवरा चोर नाय."

"मग कोण?"

"मना काय ठावं? नारली पुनव तोंडावर हाय. तांडेलच कोठडीत गेला तं होडी कोन घालल पान्यात? पोरांना काय खायाला घालू?"

बाईचं रडं खंडेरावांच्या जिवाला लागलं.

मास्तरांच्या परसात धुण्याच्या दगडावर एका पायावर उभं राहून खंडेरावांनी दुसऱ्या पायाचा चिखल खरवडून काढला, मग आत गेले. मास्तर नगरकडचे. जवळच वीजकेंद्राचं काम निघालं तसे गेल्या दिवाळीनंतर इथल्या शाळेत आलेले. वेल्डनचं चरित्र मात्र तरुणपणापासून लिहीत होते.

"कसा होता हा साहेब?"

मास्तर एकदम पेटले. "सासऱ्याच्या जिवावर पार्लमेंटात गेला. तिथे कधी तोंड उघडलं नाही, लाच मात्र पोटभर खाल्ली. उघडकीला आल्यावर बिचाऱ्या कारकुनाला पुढे केलं. कारकून तुरुंगात सडून मेला, हा जहाजात बसून पळाला. त्या कारकुनासाठी माझा जीव अजून तुटतो, फौजदारसाहेब."

"पुढे?"

"पुढचं एकाही पुस्तकात नाही. तो इथे मेला, हे या दगडानंच सांगितलं."

"आणि दगड नेला कोणी?"

"पोशानं. पहाटे डोळ्यांनी पाहिलं मी. होडीत घालून खोल पाण्यात बुडवून आला."

"त्याच्याच होडीत?"

"त्याच्याच. ओळखतो ना मी!"

खंडेरावांनी मान डोलावली. हवालदाराला सांगून पोशा आणि रंभाबाईला परसात बोलावून घेतलं आणि मास्तरांसह तिथे आले.

"मास्तर, इथला पावसाळा तुम्ही पहिल्यांदाच बघताय, तिथेच फसलात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय इथे कोणी होडी पाण्यात घालत नाही. पोशाच्या होडीवर दोडक्याचा वेल आहे, कुठेही तुटलेला नाही. होडी जागची हललेलीच नाही."

मास्तर हसायला गेले, पण जमलं नाही. "माझाच शोध मी कशाला चोरीन?"

"तो शोध नव्हताच, म्हणून. दगडावरचं नाव तुम्हीच कोरलंत, छिन्नीचे घाव ताजे. उद्याच्या पाहुण्यानं ते ओळखले असते. अन् दगड कुठे आहे, ते माझ्या पायांना कळलं. साऱ्या गावात घसरलो, पण तुमच्या धुण्याच्या दगडावर एका पायावर उभा राहिलो. श्रावणात धुण्याच्या दगडाला शेवाळ नाही? कालपर्यंत खाली वाळूत दबलेली बाजू आज वर आली असेल तरच. पोशा, उलटा कर तो दगड."

पोशानं दगड उलटला. खाली वेल्डनसाहेबाचं नाव होतं.

मास्तर त्या नावावरून हात फिरवत म्हणाले, "सगळी उमेद त्या पुस्तकात घातली. शेवट नसलेलं चरित्र कोण छापणार?"

"पण या गरिबाला का अडकवलंत?"

"कोणाला तरी पुढे करावंच लागतं..." मास्तर बोलता बोलता थांबले. आपण काय बोललो ते त्यांना कळलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. खंडेरावांना चीड आली होती, पण त्या चेहऱ्याकडे त्यांना बघवेना.

रंभाबाईला साहेबाची गोष्ट ठाऊक नव्हती. तिनं पोशाचा हात धरला.

"चला घरी. होडीवरचा वेल काडाचा हाय."