उलटी खाट

त्या दिवशी भोपाळात सकाळपासून मावठा लागला होता. पाऊस म्हणावा तर अंग भिजेना, धुकं म्हणावं तर पत्र्यावर टपटप चालूच. हवा अशी गार, की चुलीपासून उठू नये.

अठ्ठावन्न साल. भोगीची आदली संध्याकाळ. तुमची ही सोनागिरी कॉलनी तेव्हा नव्हतीच, पोरांनो. नुसता माळ होता, माळावर चुन्याच्या रेघा, अन् बांधकामाच्या सामानावर राखण करणाऱ्यांच्या चार-दोन पत्र्याच्या खोल्या. त्यातल्या एकीत गोपीनाथ राहायचा. आपलाच माणूस, नागपूरकडचा. राज्यं नव्यानं आखली, दफ्तरं इकडं आली, त्यांच्यामागून हाही बिऱ्हाड घेऊन आला. मनानं मऊ. फार मऊ.

बायको, शशिकला, म्हणाली, "विळी पार बोथट झालीय. उद्या भोगीच्या भाज्या काय दातांनी चिरू?"

"या गावात विळीला धार कोण लावणार गं? बघून हसतात. यावर बसता की काय, विचारतात."

"माळाच्या टोकाला गाडीवाले लोहार उतरलेत. त्यांच्याकडं जा. कंदील घ्या बरोबर."

शेजारच्या खोलीतला शांताराम दारातूनच ओरडला, "वहिनी, विळी राहू द्या, आमच्या गोपीभाऊलाच धार लावून आणा!"

गोपीनाथ हसत हसत गेला बिचारा.

तिथं गाडी एकच. बाकीचा तांडा रायसेनच्या रस्त्यानं पुढं गेलेला. यांचा एक बैल मेला, म्हणून ही दोघं म्हातारी मागं राहिलेली. उभा जन्म चाकावर गेलेली माणसं. म्हातारा निखाऱ्यांपाशी बसलेला. म्हातारी गाडीखाली, ओल्या गोणपाटावर, तापानं फणफणलेली. अन् गाडीवर एक खाट. उलटी. चारी पाय आभाळाकडं.

म्हाताऱ्यानं पातं ठोकलं, दगडावर घासून दिलं. गोपीनाथ म्हणाला, "बाबा, माई को दवाखाने ले चलें?"

"नहीं बेटा. बुढ़िया का एक ही हठ है. चलती गाडी में मरना है. एक जगह पडे-पडे नहीं." म्हातारा उठला. "तांडे से बैल माँग लाता हूँ. आज ही जोत के निकल जाएँगे. तू ज़रा बैठेगा इसके पास? बस, गाडी की किसी चीज़ को हाथ मत लगाना."

गोपीनाथ बसला.

अंधार पडला. पाऊस वाढला. गाडीखालून पाण्याचा ओघळ आला, तो थेट म्हातारीच्या पाठीखाली. ती कुडकुडायला लागली. गोपीनाथची नजर पुन्हा पुन्हा त्या खाटेकडं जाई. आपल्यात माणूस गेलं, त्याला घराबाहेर काढलं, की मग खाट उलटी टाकतात. इथं म्हातारी जिवंत आहे अन् खाट उलटी... त्याला ते बघवेना. अपशकुन तरी आपल्या हातानं टळावा, असं त्याला वाटलं.

त्यानं खाट खाली घेतली. सरळ केली. म्हातारीला अलगद उचलून वर ठेवलं. वर गोणपाट आडवं बांधलं. उशाला कंदील लावला.

म्हातारीनं डोळे उघडले. कंदिलाकडं पाहिलं. हातानं खाटेची सुतळी चाचपली.

"सीधी... कर दी?"

तिनं त्याचं मनगट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग एकेक बोट सैल झालं.

म्हातारा बैल घेऊन आला, तो कंदील पाहून दुरूनच थबकला. जवळ आलाच नाही आधी... रागावला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात बोलला. त्यांच्या पूर्वजांचा गड पडला, तेव्हाची ती आण होती. परत गड मिळेतो घर करायचं नाही, रात्री दिवा लावायचा नाही, खाट सरळ टाकायची नाही. उलटी खाट म्हणजे वाट चालू आहे. सरळ झाली, की मुक्काम झाला. घर झालं.

"सारे पुरखे रस्ते पे हैं, बेटा. उसको वहीं ढूँढेंगे. और ये तो घर में मर गई."

गोपीनाथनं त्याचे पाय धरले. "बाबा, मैं फिर से उलटी कर देता हूँ..."

"अब क्या उलटी."

म्हातारीला गाडीत घालून तो निघून गेला. खाट तिथंच ठेवली. घराची खाट त्यांच्या गाडीवर चढत नाही.

गोपीनाथ पुढं कितीदा तरी रायसेनच्या रस्त्यानं जाऊन आला. तांडा भेटला. म्हातारा तांड्यात पोचलाच नव्हता. कुणी तरी पुढं कुठल्या वळणावर रिकामी गाडी पाहिली होती... बस, एवढंच.

खाट गोपीनाथनं घरी आणली होती. अंगणात उलटी टाकायचा, रोज, दिवेलागणीच्या आधी. घरात दिवा लावायचं बंद केलं. शशिकला रडायची, पण लावायची नाही.

आणि रोज सकाळी...

खाट सरळ.

मधली सुतळी खाली लोंबलेली. कुणी तरी निजून उठल्यासारखी. आणि ओली. चैत्र लागला, माळ तापून भेगाळला, तरी ओली.

एकदा त्यानं खाटेचे पाय तारेनं अंगणातल्या बाभळीला बांधले. सकाळी तार तशीच. गाठही तशीच. खाट सरळ.

तो खाटेजवळ उकिडवा बसून राहिला. शांताराम बाहेर आला. थट्टा नाही, हसू नाही. तोंड पांढरंफटक. म्हणाला,

"गोपीभाऊ, तुमच्या त्या खाटेची म्हातारी रात्री माझ्या दारात उभी होती. कंदील विझव म्हणाली. मी विझवला... तर विचारते, बेटा, गाडी निघाली का?"