बेटाचं एकच तिकीट

नागाहामा स्टेशनवर नोमिनला घ्यायला आई येणार होती. आई म्हणजे सख्खी नव्हे, सख्खी मंगोलियात, उलानबातरला. ही सातोए आई. पाच वर्षांपूर्वी कॉलेजचं एक वर्ष नोमिन तिच्याच घरी लेकीसारखी राहिली होती. पण फाटकाबाहेर दोन छत्र्या घेऊन उभा होता सातोएचा भाचा... शुन्पेई!

नोमिनचा हात आपोआप केसांकडे गेला.

“आत्याची कंबर धरलीये,” तो म्हणाला. “मला म्हणाली, पोरीला दिवसभर हिंडव आणि संध्याकाळी जेवायला घरी आण.”

“म्हणजे नाइलाजानं आलास?”

“हो ना. दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत बूट घालून झाले होते.”

क्योतोच्या एका कंपनीनं नोमिनला नोकरी देऊ केली होती. होकार की नकार, ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. पगार चांगला, काम मनासारखं. पण घोडं अडलं होतं ते या माणसापाशी. पाच वर्षं तो न चुकता नववर्षाचं कार्ड पाठवत होता आणि दर कार्डात फक्त थंडीची चौकशी करत होता! आज त्याच्या तोंडून एक शब्द निघाला तर जपानात राहायचं, नाहीतर कायमचं मायदेशी जायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

पाऊस पडत होता, थांबत होता, पुन्हा पडत होता. गल्ली संपली आणि समोर एकदम बिवा सरोवर आलं. नोमिनची पावलंच थांबली. ती वाढली तिथं नजर जाईल तिथवर गवत. इथं नजर जाईल तिथवर पाणी. वर्षभर रोज पाहिलेलं, तरी आज अंगावर काटा आला. ढग फाटून उन्हाचा एक पट्टा पाण्यावर उतरला होता आणि दूरवर चिकुबु बेट तेवढं उजळलं होतं. एवढं मोठं काही समोर असताना आपण श्वास तरी कसा घेतो, असं तिला वाटलं.

ती बेटाकडे बघत होती. शुन्पेई तिच्याकडे. ती वळली तसा तो घाईघाईनं छत्री झटकू लागला.

“आज तिथं जायचंच,” ती म्हणाली. “तेव्हा तू दरवेळी टाळलंस. कधी बोट लागते म्हणे, कधी दात दुखतोय...”

“आधी जेवू या का?” शुन्पेई म्हणाला.

शिजवलेला बांगडा घातलेल्या शेवयांचे वाडगे पुढ्यात ठेवताना खानावळीच्या मालकीणबाईंनी दोघांना नीट न्याहाळलं. “काय रे शुन्पेई, सून दाखवायला आणलीस होय?”

“छे हो! आत्याची पाहुणी. बेटावर जायचं म्हणतेय.”

“जोडीनं? नका गं बाई! तिथली बेंतेन देवी भारी मत्सरी. जोडपं दिसलं की तिला बघवत नाही, ताटातूट करते. मी माझ्या नवऱ्याला अजून नेलं नाही.”

“आम्ही कुठं जोडपं आहोत!” नोमिन हसून म्हणाली. म्हणाली खरी, पण चोरून त्याच्याकडे पाहिलं. शुन्पेई वाडग्यात डोकं घालून बसला होता. त्याचे कान लालबुंद झाले होते.

बेटावर जाऊन परतणारी शेवटची बोट धक्क्यावर उभी होती. तिकीटखिडकीतल्या माणसानं विचारलं, “दोन?”

“एक,” शुन्पेई म्हणाला.

नोमिनला रडूच फुटायचं बाकी राहिलं. “माझ्याबरोबर यायचंही जड होतं तुला? जोडपं नाही ना आपण? मग देवी काय वाकडं करणार आहे?”

“तू जा. मी इथंच थांबतो.”

“पण का?”

“कारण...” त्यानं तिकीट तिच्या हातात दिलं, पण हात मागे घेतला नाही. “दोघं गेलो आणि ती गोष्ट खरी निघाली तर? मला... मला ती जोखीम नको, नोमिन.”

नोमिननं तिकिटावरून नजर उचलली.

“तेव्हाचा दात...?”

“ठणठणीत होता.”

पाच वर्षं! हा वेडा पाच वर्षं एका देवीला घाबरून काठावर उभा होता. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. भोंगा वाजला. ती धावत बोटीवर चढली आणि थेट मागच्या कठड्याशी गेली.

“शुन्पेई! क्योतोच्या नोकरीला मी हो कळवतेय!”

जन्मात कधी आवाज न चढवलेला तो माणूस धक्क्याच्या टोकाशी आला. दोन्ही हात तोंडाशी धरून, सगळ्या लोकांदेखत ओरडला, “तू मला आवडतेस!”

तिला शब्द न् शब्द ऐकू आला होता.

“काय? ऐकू नाही आलं!”

“तू मला फार आवडतेस! तेव्हापासून!”

बोटीवरच्या आज्जीबाई तोंडावर रुमाल धरून हसू लागल्या. नोमिननं मागे वळून पाहिलं. ढगांखालून ते हिरवंगार बेट हळूहळू जवळ येत होतं. ती घाबरून कठड्यावरून वाकली.

“अरे, हळू बोल! देवी ऐकेल!”