चाक मोठं, लेथ हळू

लेथ तोच, पटाशी तीच, लाकूडही त्याच शिवणीच्या ओंडक्यातलं. काल याच लेथवर माझा भोवरा कसा छान गुळगुळीत उतरला होता. आणि आज चाक लावलं, तर पटाशी टेकते न टेकते तोच खाडकन आवाज झाला. असा हिसका बसला की माझे खांदे हादरले, आणि चाकाची एक ढलपी उडून माझ्या तोंडावरच्या पारदर्शक मुखवट्यावर आपटली. आबांनी पायाखालची कळ दाबून लेथ बंद केला.

"लागलं का गं कुठं?"

"नाही. पण असं का झालं?"

"तूच सांग बघू."

आबा म्हणजे माझे आजोबा. ते पूर्वी उपग्रह बनवायचे. निवृत्त झाल्यावर सावंतवाडीला आले आणि लेथवर कातारकाम (फिरत्या लाकडाला पटाशी लावून गोल आकार देण्याचं काम) करू लागले. उत्तर माहीत असूनही न सांगायची त्यांची खोड मात्र गेली नाही. इतका राग येतो ना मला त्याचा!

त्या दिवशी तर रडूही येत होतं, कारण ते चाक अथांगच्या पांगुळगाड्याचं होतं.

अथांग माझा आतेभाऊ. आठ वर्षांचा आहे, पण जन्मला आणि वाढला अंतराळस्थानकात. ते स्थानक चाकासारखं गरगर फिरतं. त्याच्या आतल्या कड्यात माणसाचं वजन अगदी कमी भरतं, आणि अथांगचं घर तिथंच. त्यामुळे त्याच्या पायांना अंग पेलायची सवयच नाही. खाली आल्यावर डॉक्टरांनी त्याला मोटार बसवलेली विजार दिली. ती घातली की पाय आपोआप चालतात. पठ्ठ्यानं ती दुसऱ्याच दिवशी काढून टाकली. "ती चालते, मी नाही," म्हणाला.

महिनाअखेर वैजूआत्या, म्हणजे त्याची आई, खाली येणार होती. तोवर तो स्वतःच्या पायांनी चालू लागला नाही, तर तिच्याबरोबर त्याला वर परत जावं लागणार होतं. त्याला इथंच राहायचं होतं, आणि मलाही तो हवा होता. म्हणून मी हट्टच धरला, की याचा पांगुळगाडा मी करणार. आणि पहिल्याच चाकाचे बारा वाजले.

मी सगळं पुन्हा आठवून पाहिलं. केस घट्ट बांधले होते, बाह्या कोपराच्या वर होत्या. लेथ सुरू करण्याआधी लाकूड हातानं एक फेरी फिरवून ते कुठं अडत नाही ना, हे पाहिलं होतं. ती हातफेरी झाल्याशिवाय आबांच्या इथं कळ दाबायचीच नाही, मग घाई कितीही असो. टेकू (पटाशी टेकवायचा लोखंडी आडवा दांडा) लाकडाच्या अगदी जवळ होता. पटाशी आधी टेकूवर ठेवली, मग लाकडाला लावली. वेगही कालचाच.

"सगळं अगदी कालच्यासारखंच तर केलं," मी कुरकुरले.

"तिथंच चुकलं असेल," शेजारी खुर्चीत बसून सगळं बघणारा अथांग म्हणाला. "सावनीताई, चाक भोवऱ्यापेक्षा केवढं मोठं आहे बघ."

"असू दे की. मिनिटाला फेऱ्या तेवढ्याच ना?"

"फेऱ्या तेवढ्याच. जरा दोरा दे."

त्यानं भोवऱ्याच्या पोटाभोवती दोऱ्याचा एक वेढा घेतला आणि तेवढाच दोरा कापला. मग चाकाच्या कडेनं एक वेढा घेऊन तोही कापला. दोन्ही दोरे सरळ करून गुडघ्यावर टाकले. भोवऱ्याचा दोरा वीतभरही नव्हता. चाकाचा पार खाली लोंबत होता.

"एका फेरीत भोवऱ्याची कड एवढीशीच जाते," तो म्हणाला. "चाकाची कड तेवढ्याच वेळात एवढी लांब जाते. म्हणजे ती जास्त जोरात पळते. आमच्याकडे तसंच आहे. सगळं स्थानक एकदमच फिरतं, पण बाहेरच्या कड्यातली माणसं आमच्यापेक्षा जोरात पळतात. म्हणून त्यांचं वजन जास्त भरतं आणि आम्ही आतले हलके."

मी दोन्ही दोरे उचलून शेजारीशेजारी धरून पाहिले. हा एवढासा पोरगा!

"याला म्हणतात परिघवेग (वर्तुळाच्या कडेचा वेग)," आबा खुशीत म्हणाले. "त्रिज्या (मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर) तिप्पट झाली, की तेवढ्याच फेऱ्यांत कडेचा वेगही तिप्पट. सावनी, तुझी पटाशी मघाशी जराशी तिरकी झाली होती. काल भोवऱ्यावरही झाली होती, पण तिथं ते खपून गेलं. कड जोरात पळत असली, की तेवढीच चूक दणक्यानं अंगावर येते. मग आता काय करायचं?"

"फेऱ्या कमी करायच्या. तिसरा हिस्साच."

नवं चाक लावलं, हातफेरी घेतली, वेग उतरवला. पटाशी सरळ धरून हळूच टेकवली. या वेळी खाडकन काही झालं नाही. लाकडाची लांबच लांब साल निघाली आणि माझ्या मनगटावरून घरंगळत खाली गेली. अथांगनं ती उचलून नाकाला लावली.

चारही चाकं झाली, दांडा झाला, गाडा उभा राहिला. अथांगनं दांडा धरला. पाय लटपटत होते, तोंड लाल झालं होतं. थोडा चालला आणि भुशात बदकन बसला. मी धावले, तर म्हणाला, "उचलू नकोस." स्वतःच उठला. पुढं रोज तो असाच पडत राहिला आणि उठत राहिला. महिना संपत आला, तेव्हा एकदाचा दारापर्यंत जाऊन परत आला, न पडता.

लेथशी येऊन तो धापा टाकत थांबला. "आबा, आईसुद्धा आतल्या कड्यातच राहते ना इतकी वर्षं? म्हणजे तिचेही पाय असेच लटपटतील?"

आबांनी हातातली पटाशी खाली ठेवली. वैजूआत्या त्यांची लेक. "हो रे बाबा. लटपटणारच."

"मग तिला मोठा गाडा लागेल. मोठी चाकं लागतील, म्हणजे लेथ आणखी हळू लावायचा," अथांग म्हणाला. "आणि ती मी करणार. उभं राहून."

आबा चष्मा पुसत कोपऱ्यात गेले आणि सगळ्यांत रुंद फळी ओढून घेऊन आले.