चिंचोलखेड्याची नापास सातवी

“मुलं नापास झाली याचं मला दुःख नाही,” शकुन इंगोले म्हणाल्या. “ती नापास होऊच शकत नाहीत, हे मला ठाऊक आहे आणि कोणाला पटवता येत नाही, याचं आहे.”

मोरोपंतांनी मनातल्या मनात सुस्कारा टाकला. जन्मभर अमरावतीच्या शाळेत संस्कृत शिकवताना असं बोलणं त्यांनी पुष्कळदा ऐकलं होतं, पण ते पालकांच्या तोंडून. निवृत्त झाल्यापासून ते भाचीच्या कचेरीत रोज येऊन बसत. अनुपमा खाजगी तपासाची कामं घेई. तिच्या मते मामा तिचे मदतनीस होते. मामांच्या मते ते तिला सांभाळायला येत होते.

“पहिल्यापासून सांगा,” अनुपमा म्हणाली.

शकुन इंगोले यांनी सांगितलं. मोर्शी तालुक्यात एका शिक्षण मंडळाच्या चार शाळा होत्या. त्यांतली चिंचोलखेड्याची सगळ्यांत लहान. शिक्षकांचे पगार सरकार देई; पण छप्पर, वीज, पाणी, खडू यांचं अनुदान येईल तेव्हा येई. मंडळाला चार शाळा झेपेनात. शेवटी ठराव झाला की सातवीची एकच परीक्षा चारही गावांत घ्यायची आणि जिचा निकाल सगळ्यांत खाली, ती शाळा मोर्शीच्या शाळेत मिसळायची.

“चाळीस प्रश्न होते,” त्या म्हणाल्या. “माझ्या वर्गात कोणाचं एक उत्तर बरोबर, कोणाची दोन. काहींना तर शून्य. एकट्या आकांक्षाला चौतीस. रविवारी बैठक आहे. त्यात शाळा बंद होणार.”

“ही आकांक्षा सगळ्यांत हुशार?”

“हुशार आहे, पण पहिली नाही. उलट परीक्षेआधी आठवडाभर ती अकोल्याला मामाकडे होती. परीक्षेच्या सकाळी एसटीनं परत आली आणि तशीच पेपरला बसली.”

“शाळा पणाला लागली आहे, हे मुलांना माहीत होतं?”

“नाही. घाबरून चुकतील म्हणून मी सांगितलं नाही. गावातही बोलले नाही.” शकुनबाईंचा आवाज खाली आला. “त्यात पेपरही नव्या धर्तीचा निघाला. प्रत्येक प्रश्नाला चार गोल, बरोबर उत्तराचा गोल रंगवायचा. आमच्या मुलांनी असला पेपर जन्मात पाहिला नव्हता. पाकीट फोडलं तेव्हा मलाच कळलं. फळ्यावर गोल काढून समजावलं.”

“मग गोंधळली असतील,” मोरोपंत समजुतीनं म्हणाले.

“गोंधळ एवढा नेमका नसतो, मामा,” अनुपमा म्हणाली आणि तिनं गाडीची किल्ली उचलली.

रिद्धपूर मागे पडलं तसे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे सुरू झाले. मोर्शीच्या शाळेत मंडळाचे सचिव खुशालराव गावंडे भेटले. पांढरे कपडे, टेबल लखलखीत, बोलणं नेटकं.

त्यांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बिनतक्रार समोर ठेवला. अनुपमा एकेक कागद उजेडासमोर धरून पाहू लागली.

“कोणी तरी गठ्ठा बदलला असेल,” मोरोपंत हळूच म्हणाले.

“नाही. हा मुलगा इतका दाबून रंगवतो की मागे उमटलंय. ही गोलाच्या आतच राहते. हा दर वेळी बाहेर जातो. जितके कागद, तितके हात.”

“गडबडीचं नावच काढू नका, मॅडम,” खुशालराव म्हणाले. “पेपर मी काढला. अकोल्याले जुन्या शहरातून छापून मीच आणला. लाखेनं पाकिटं मीच बंद केली. गोल रंगवायचे हायेत, हे आमच्या अध्यक्षायलेही परीक्षेच्या दिवशीच समजलं. माझ्याशिवाय कागद कोणाच्या नजरेस पडला नाही.”

“शाळा बंद होते याचं वाईट वाटतं?”

“वाटते ना. पण मंडळ जगवाचं तं एक फांदी छाटा लागते.”

अनुपमानं एक कोरी उत्तरपत्रिका आणि बरोबर उत्तरांचा तक्ता मागून घेतला.

परतताना एका वर्गाच्या दारात तरुण शिक्षिका उभी होती. “मी चारुता. सचिव माझे सासरे,” ती हसून म्हणाली. आत निम्मी बाकं रिकामी होती.

“मुलं कमी दिसतात,” अनुपमा म्हणाली.

“दर वर्षी घटतात. आणखी घटली तर सरकार एक तुकडी कमी करेल. मग जी सगळ्यांत नवी शिक्षिका ती अतिरिक्त ठरते आणि जागा असेल तिथे, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकालाही, पाठवली जाते.” तिनं खांदे उडवले. “सगळ्यांत नवी मीच.”

मोरोपंतांना ही मोकळी मुलगी फार आवडली. गाडीत बसताच त्यांनी तसं सांगितलं.

“हो, छान आहे,” अनुपमा म्हणाली. “आता एक काम करा. डोळे मिटा आणि या कागदावर मनाला येतील ते गोल रंगवा. प्रत्येक ओळीत एक.”

“प्रश्न न वाचता?”

“अजिबात न वाचता.”

मोरोपंतांनी निमूटपणे चाळीस गोल काळे केले. अनुपमानं तक्त्याशी ताडून पाहिलं. अकरा बरोबर निघाले.

“अरे वा!” मोरोपंत खूश झाले. “म्हणजे त्या सातवीपेक्षा आंधळा मोरोपंत हुशार.”

अनुपमानं तो कागद जपून ठेवून दिला. “मामा, तुम्ही आत्ता अर्धं कोडं सोडवलंत,” ती म्हणाली. कोणतं अर्धं, ते मात्र मोरोपंतांना कळलं नाही.

अध्यक्ष पंजाबराव त्यांच्या बगीच्यात झाडांना पाणी देत होते. चिंचोलखेड्याच्या शाळेची जमीन त्यांच्या आजोबांनी दिलेली. शाळा बंद पडली तर ती घराण्याकडे परत यावी, अशी अट होती. मोरोपंतांना ही गोष्ट शकुनबाईंकडून कळली होती आणि त्यांचा संशय तिथंच पक्का बसला होता.

“जमीन तुम्हाला परत मिळेल,” त्यांनी जरा करड्या आवाजात सुरुवात केली.

“भेटते. मंग?” पंजाबरावांनी फावडं टेकवलं. “गुरुजी, त्या जमिनीच्या खाली हातभरावर खडक हाय. तिथं बाभूयबी नीट येत नाही. आमच्या आज्यानं दान केली, ती काहून केली वाटते तुमाले?”

अनुपमाला हसू आवरेना. “पेपर तुम्ही आधी पाहिला होता?” तिनं विचारलं.

“खुशालराव दाखवते कुठं! मले तं ते गोल पाहून लॉटरीचं तिकीटच वाटलं.”

चिंचोलखेड्याला पोचले तेव्हा मधली सुट्टी होती. मैनाबाई खिचडी वाढत होत्या. पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या. शाळेचा स्वयंपाक कित्येक वर्षं त्यांच्याकडे होता. अनुपमानं मुलांना जेवता जेवता हिशेबाचे चार प्रश्न टाकले. उत्तरं घास गिळायच्या आत आली. पण परीक्षेचा विषय काढताच सगळ्या माना ताटांत गेल्या.

“मैनाबाई, शाळा बंद होणार म्हणे,” अनुपमा म्हणाली.

मैनाबाईंच्या हातातला डाव पातेल्यात पडला. “कोणती शाया?”

“हीच. सातवीचा निकाल खाली आला म्हणून.”

पदरानं तोंड पुसून मैनाबाई आत गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

“बिचारीची रोजी जाणार,” मोरोपंत कळवळले. “तिला तरी संशयातून वगळ.”

अनुपमा आकांक्षाशेजारी जाऊन बसली. “तुला पेपर कठीण गेला?”

“गोल आधी समजलेच नाही मले. मॅडमनं फळ्यावर दाखवले तवा समजले. बाकीच्यायले येतच व्हते. मी अकोल्याले व्हती तवा मैनाबाईनं ताटात चार चार शेंगदाणे मांडून शिकवलं म्हणे त्यायले.”

“काय शिकवलं?”

“मले कोणीच नाही सांगत,” आकांक्षा रुसून म्हणाली.

रविवारी बैठक चिंचोलखेड्याच्या शाळेतच भरली. पंजाबराव, खुशालराव, चारही शाळांचे शिक्षक. दाराशी मैनाबाई बसल्या होत्या. अनुपमानं त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

“या मुलांना काही येत नाही, असं तुम्ही धरून चालला आहात,” अनुपमानं सुरुवात केली. “माझ्या मामांनी डोळे मिटून हा पेपर सोडवला. अकरा बरोबर आले. चार गोलांतला एक रंगवायचा, तर अडाणी माणसाचाही चारांतून एकदा नेम लागतोच. चाळीसांत दहाच्या आसपास. मग अख्ख्या वर्गाला शून्य, एक, दोन कसे?”

तिनं मामांची ती उत्तरपत्रिका टेबलावर ठेवली.

“बरोबर गोल दर वेळी टाळायचा, तर तो आधी ओळखावा लागतो. सगळं चुकवायला सगळं यावं लागतं. शकुनबाई, तुमची सातवी तालुक्यातली उत्तम सातवी आहे. तिनं मुद्दाम चुका केल्या.”

मोरोपंतांच्या डोक्यात त्या अकरा गोलांचा अर्थ आत्ता कुठे उजाडला आणि ते स्वतःवरच चडफडले.

“आकांक्षानं का नाही केल्या? ती त्या आठवड्यात इथं नव्हती. म्हणजे मुलांना कोणी तरी त्या आठवड्यात शिकवलं. मैनाबाई, शेंगदाणे मांडून तुम्ही काय सांगितलंत?”

मैनाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. “खरा सोडून कोणताबी रंगवा, म्हटलं. कोरा ठेवू नका, नाही तं समजते. निकाल चांगला लागला का मॅडमले मोर्शीले घेऊन जातात, असं समजलं व्हतं मले. पोरं रडाले लागली. शाया बंद होते, हे देवाशपथ मले माईत नव्हतं!”

“माहीत असतं तर तुम्ही केलंच नसतं. म्हणूनच ते तुमच्यापासून लपवलं.” अनुपमा सावकाश वळली. “पण पाकीट फुटायच्या आठवडाभर आधी मैनाबाईंना गोल कुठून कळले? शकुनबाईंना ठाऊक नव्हते. अध्यक्षांना नव्हते. छापखानेवाल्याला चिंचोलखेड्याशी काय देणंघेणं? ‘माझ्याशिवाय कागद कोणाच्या नजरेस पडला नाही,’ हे मला एकाच माणसानं सांगितलं, आणि अभिमानानं सांगितलं.”

सगळ्यांच्या नजरा खुशालरावांकडे वळल्या.

“इथली मुलं मोर्शीत गेली की तिथली तुकडी वाचते,” अनुपमा म्हणाली. “तुकडी वाचली की सूनबाई घराजवळ राहतात.”

“हेच आले व्हते,” मैनाबाई बोट दाखवून म्हणाल्या. “खिचडीची चव पाहाले म्हणून. पोरायच्या भल्यासाठी सांगून राहिलो, म्हणे.”

खुशालरावांनी टेबलावरचे हात मागे घेतले. “मी काही कोणाचा हात धरून चुकीचं लिवलं नाही,” ते कसेबसे म्हणाले. “एक गोष्ट बोललो फक्त. नातू दोन वर्षांचा हाय. त्याची माय तिकडं दूर फेकली गेली, तं घराचं काय?”

चारुता उभी राहिली. “बाबा, मला एकदा विचारायचं होतं. मी गेले असते. या मुलांच्या शाळेवर माझं घर उभं करायला मी सांगितलं होतं का?”

खुशालरावांनी किल्ल्यांचा जुडगा पंजाबरावांपुढे ठेवला आणि कोणाकडे न पाहता ते बाहेर पडले. मोरोपंतांना वाटलं होतं, गुन्हेगार सापडला की समाधान होईल. त्या वाकलेल्या पाठीकडे पाहताना मात्र ते काही होईना.

“परीक्षेवर शाया तोलाची ही अक्कल कोणाची व्हती?” पंजाबरावांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, “माहीच. सही माही हाय. ठराव रद्द. पैसा अजूनबी नाही, ते खरं. पण त्याच्यासाठी पोरायले शर्यतीत नाही उभं कराचं. चारी गावांत फिरून तोंड मीच वेंगाडतो.”

मुलांवरचा डाग पुसायला मात्र सातवीची परीक्षा पुन्हा घ्यायची ठरली. शकुनबाई आधी दाराशी गेल्या आणि मैनाबाईंचा हात हातात घेऊन त्यांच्याशेजारी खाली बसल्या. रागावल्या नाहीत.

परीक्षेच्या दिवशी मोरोपंत हट्टानं चिंचोलखेड्याला गेले. कागद वाटले गेले, पण एकाही मुलानं पेन उचललं नाही.

मागच्या बाकावरचा श्याम उभा राहिला. “मॅडम, सगळं बरोबर लिवलं तं तुमी जासान का?”

‘नाही’ म्हणणं किती सोपं होतं! शकुनबाईंनी हातातला खडू खाली ठेवला.

“आत्ता नाही,” त्या म्हणाल्या. “पण कधी ना कधी जाईन, श्याम. शिक्षकांना जावं लागतं. तुम्हालाही इथून पुढे जायचंच आहे. मला थांबवायला तुम्ही मागे राहिलात, तर मला काय आवडेल?”

श्यामनं वर्गाकडे पाहिलं. वर्गानं श्यामकडे. काही तरी ठरलं असावं, कारण त्यानं पेनाचं टोपण काढलं.

“मंग जा,” तो खाली बसत म्हणाला, “पण हयूहयू जा.”