उलटा थापा

"साहेब, धावा! कडूले बेड्या घातल्या!"

मनकर्णा ओव्हरसीयर श्रीकांतच्या कचेरीत शिरली तेव्हा तिला धाप लागली होती. सिंधीपुऱ्यातलं सरकारी धान्यगोदाम भर दुपारी पेटलं होतं आणि आळ राखणदारावर, म्हणजे तिच्या नवऱ्यावर, कडूवर आला होता. राज्यांची फेररचना होऊन नवं राज्य व्हायला आठ दिवस उरले होते. जुन्या दप्तरात कुणाचं तरी नाव लिहून पोलीस जमादार यादवांना मोकळं व्हायचं होतं.

श्रीकांत गोदामात शिरला. डोक्यावर छप्पर कुरकुरत होतं आणि त्याचा सगळा भार लाकडी भिंतीवर होता.

भिंत मात्र उभी होती. सागाच्या जाड, उभ्या फळ्या. आतून दोन बोटं कोळसा, त्याखाली लाकूड धडधाकट. फक्त एका जागी, जमिनीलगत, आरपार भगदाड. तिथल्या फळ्या अंगठ्याएवढ्याच जाड होत्या.

"बिडी ओढलीस?" श्रीकांतनं विचारलं.

"ओढली, पण भाईर," बेड्यांतला कडू म्हणाला. "मंग आत भिंतीले टेकून झोपलो. पाठीले चटका बसला तं उठलो."

"भिंतच पेटली म्हणे!" यादव हसले.

ठेकेदार लीलाधर घाम पुसत पुढे आले. "भिंत मी बांधलेली. अर्धा फूट भरीव साग. उद्या इंजिनियर गिरमिटानं भोक पाडून तपासणार होते. दसऱ्यानंतर मी इकडे फिरकलोही नाही."

श्रीकांत बाहेरून फिरून आला. फळ्यांवर हळदीच्या हाताचे थापे ओळीनं होते. भगदाडावरचा एकच थापा ओळीच्या वीतभर वर, आणि त्याची बोटं खाली. भगदाडातून रॉकेलचा वास येत होता.

"हे कुणी मारले?"

मनकर्णाचा चेहरा पांढरा पडला. "मीच, दसऱ्याले. पण सगळे सुलटे! उलटा थापा मारीन का मी? घरावर संकट येतं!"

"खरंय. तू नाही, फळी उलटली." श्रीकांत यादवांकडे वळला. "दसऱ्यानंतर ती कुणीतरी काढली आणि घाईत उलटी बसवली. इथं भिंत पोकळ आहे, दोन पातळ फळ्यांची. त्या पोकळीत रॉकेलचा बोळा पेटवला, म्हणून कडूच्या पाठीला चटका बसला. पोकळी कुणाला ठाऊक? बांधणाऱ्याला! उद्या गिरमिटानं चोरी उघडी पडली असती. सगळं जळेल असं त्याला वाटलं. पण जाड साग वरून कोळसा होतो आणि तो कोळसाच आतलं लाकूड राखतो. जिथं चोरी होती, तेवढंच जळलं."

लीलाधर दाराकडे सरकला, तशी मनकर्णा आडवी आली.

"कडू तठेच झोपतो, तुमाले ठाऊक व्हतं?" तिनं विचारलं.

"होतं," तो पुटपुटला. "म्हणूनच दुपार धरली. बिडी ओढणारा माणूस आत हवाच होता."

यादवांनी बेडी काढली. मनकर्णानं कडूचा हात धरला आणि त्याला त्या भिंतीपासून लांब नेलं.