संगमावर सोडलेली पुस्तकं

नदीतून एक पुस्तक वाहत येत होतं...

नरसिंहाच्या दर्शनाला आलेल्या राजनंदिनीनं आधी डोळे चोळले. कार्तिक सरत आलेला, दिवस मावळतीला टेकलेला, आणि नरसिंहपूरच्या संगमावर धुकं नुकतंच पाण्याला बिलगायला लागलेलं. अशा वेळी नदीत फुलं दिसावीत, द्रोणातले दिवे दिसावेत. पण पुस्तक? आणि तेही ओळखीचं! मुखपृष्ठावर उसाच्या फडातून डोकावणारा तो बिनडोळ्यांचा चेहरा तिनं लांबूनच ओळखला. नरहरी बोडख्यांचं ‘उसातला माणूस’! तिनं चपला काठावर भिरकावल्या आणि सलवारीची पर्वा न करता सरळ पाण्यात शिरली.

“ओ बाई! हात लावू नका त्याला!”

घाटाच्या पायऱ्यांवरून एक उंच, सावळा तरुण धावत येत होता. तो पोचेपर्यंत पुस्तक तिच्या हातात आलंसुद्धा.

“का? चावतं का हे?” तिनं ओढणीनं पुस्तक टिपत विचारलं.

“चावत न्हाय... पर मागं लागतं.”

“लागू दे की. कुणीतरी मागं लागावं अशी आमच्या आईची लई दिवसांची इच्छा आहे.”

तो हसायचं नाही असं ठरवून आला असावा. पण हसला, आणि हसल्यावर बरा दिसला. आपण हे पाहिलं हे तिनं स्वतःलाही कळू दिलं नाही.

आता हे नरहरी बोडखे कोण, ते सांगायला हवं. एके काळी बारामतीपासून इंदापूरपर्यंत एकही एसटी स्टँड असा नव्हता, जिथं बोडख्यांचं भुताचं पुस्तक टांगलेलं नसायचं. कथा त्यांची आणि मुखपृष्ठावरचं चित्रही त्यांच्याच हातचं. लोक पांघरुणात शिरून वाचायचे आणि सकाळी अंगणात जायलासुद्धा सोबत मागायचे. पण वाचून झालेलं पुस्तक घरात ठेवायची कुणाची छाती नव्हती. भंगलेला देव नदीत सोडतात, तसंच हेही सोडून यायचं, असा म्हाताऱ्यांचा दंडक. त्यामुळे झालं काय, की बोडख्यांचा सगळ्यात मोठा संग्रह भीमेच्या पोटात गेला आणि माणसांकडे एखाददुसरं फाटकं पुस्तक उरलं.

ही फाटकी पुस्तकं राजनंदिनी गोळा करायची. बारामतीच्या एमआयडीसीत एका डेअरीच्या लॅबमध्ये ती दिवसभर दुधातलं फॅट तपासायची आणि सुट्टीला रद्दीची दुकानं धुंडाळायची. मैत्रिणी साड्या जमवायच्या, ही भुतं जमवायची. तिच्या खाटेखालची ट्रंक भरत आली होती. जीव मात्र एकाच गोष्टीत अडकला होता. ‘डोहातली सवाष्ण’ या पुस्तकासाठी बोडख्यांनी रंगवलेलं मूळ चित्र! ते कुठं असेल, असेल तरी का, कुणाला ठाऊक नव्हतं.

तिनं हे सगळं एका दमात सांगून टाकलं. “मला ठाव हाय,” तो तरुण म्हणाला. त्याचं नाव सिद्धू. “बोडखे माझं मामा. दसऱ्याच्या आधी गेलं. आयनं मला शपथ घातलीया, मामाचं समदं नदीत सोडायचं. दर शनवारी दिवस मावळताना एक एक. एकदम सोडलं तर नदीला सोसायचं न्हाय म्हणती.”

राजनंदिनीनं हातातलं पुस्तक छातीशी धरलं.

“शपथ नेमकी काय आहे? नदीत सोडायचं, एवढीच ना?”

“व्हय.”

“खालच्या अंगाला कुणी उचललं तर?”

सिद्धूनं मान खाजवली. “त्याचं आय काय बोलली न्हाय...”

“मग झालं तर!”

पुढच्या शनिवारी पुस्तक आलं ते युरियाच्या पोत्यातल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, सुतळीनं बांधून. एक थेंब आत जाईल तर शपथ! त्याच्या पुढच्या शनिवारी सुतळीत झेंडूचं फूल खोचलेलं होतं. मग शेवंतीचं. तो वरच्या पायऱ्यांवरून पुस्तक सोडायचा, ती खाली गुडघाभर पाण्यात उभी राहून ते धरायची, आणि मग दोघं घाटावर बसून चहा प्यायची. तो माळेगावच्या कारखान्यावर ऊस नेणारा ट्रॅक्टर चालवायचा. त्याच्या सदऱ्याला मळीचा वास यायचा, आणि तो वास तिला इंदापूरला मावशीकडे मुक्कामाला जातानासुद्धा एसटीत आठवायचा.

“नरसिंहाचे शनिवार धरलेत,” तिनं आईला सांगून टाकलं होतं. लेकीला लग्नाची बुद्धी झाली म्हणून आईनं देवापुढे साखर ठेवली.

एका शनिवारी मात्र सिद्धू मोकळ्या हातानं आला.

“पुस्तकं सपली. एक चित्र ऱ्हायलंय... बघायचंय?”

ती उत्तर द्यायलाही थांबली नाही.

सिद्धूचं घर गावाच्या टोकाला होतं. त्याची आई कुशाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. तिनं राजनंदिनीला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि हातानंच आत जा म्हणून खुणावलं.

मधल्या खोलीत भिंतीवर ते चित्र होतं. हिरव्या लुगड्यातली बाई पाण्याखाली उभी. मोकळे केस वर तरंगलेले, कपाळावर भलंमोठं कुंकू. ती उघड्या डोळ्यांनी वर बघत होती. राजनंदिनी पुढं झाली आणि तिच्या अनवाणी पायांना गारवा लागला. खोलीची जमीन सगळी कोरडी होती, चित्राखालची तेवढी ओली.

“रोज फडक्यानं टिपती मी,” कुशाबाई दारातून म्हणाली. “ती आमची वैनी. ह्या चित्रापायी दादानं तिला डोहात उभी केली... रोज, आंग काकडूस्तवर. चित्र झालं आन् दुसऱ्या सांजंला ती आपल्या पायानं डोहाकडं चालत गेली. दादा तवा चित्राला चौकट ठोकत बसलाता. त्यानं वर मान करून बघितलं न्हाय.”

बाहेर उसाची गाडी कुरकुरत गेली.

“पोरी, दादानं चित्र काढलं तवा तिचं डोळं मिटल्यालं व्हतं.”

राजनंदिनीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिच्या ट्रंकेत त्या पुस्तकाचं फाटकं मुखपृष्ठ होतं. तिला ते तोंडपाठ होतं. त्यातले डोळे मिटलेलेच होते.

ती घाबरली, खोटं कशाला बोला? पण हाव भीतीपेक्षा दांडगी. घाटाकडे परतताना ती सिद्धूला म्हणाली, “पुढच्या शनिवारी सोडा. मी धरते.”

पुढच्या शनिवारी सिद्धूचा ट्रॅक्टर बिघडला. त्याच्या पुढच्या शनिवारी त्याला कणकण आली... म्हणे. तिसऱ्या खेपेला तिनं त्याला पायऱ्यांवरच गाठलं.

“खरं सांगा. का सोडत नाही?”



“सोडलं की सपलं. मग तुमी कशाला येताय हितं?” त्याचा आवाज खाली आला. “आन् आय म्हणती, त्या पोरीचा जीव चित्रात हाय का तुझ्यात, ते आदी बघ. मी काय सांगू तिला?”

राजनंदिनी उठली आणि इंदापूरची एसटी धरायला निघाली. त्या रात्री मावशीकडे तिला झोप लागली नाही. तिला ते चित्र हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. आणि तोही हवा होता. दोन्ही मिळायला काय हरकत आहे, असं ती स्वतःलाच विचारत राहिली.

शेवटी पौषातल्या एका शनिवारी कुशाबाई स्वतःच घाटावर आली. तिनं चित्राला हळदकुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली. सिद्धूनं चौकट पाण्यावर ठेवली आणि हात काढून घेतले.

धुकं इतकं दाट होतं, की राजनंदिनीला वरचा घाट दिसत नव्हता. पाणी बर्फासारखं गार. मग धुक्यातून ते चित्र आलं... उताणं, सावकाश, सरळ तिच्याकडे. ओढ दुसऱ्या काठाला होती, तरी ते तिच्या गुडघ्यांशी येऊन थांबलं.

तिनं चौकटीवर बोटं टेकवली. आता फक्त मूठ मिटायची होती! तिच्या खोलीतली भिंत, खिडकीचा उजेड, सगळं तिच्या डोळ्यांपुढे येऊन गेलं. आणि पाण्यातून ती बाई तिच्याकडे बघत होती.

त्या नजरेत भीतीदायक असं काहीच नव्हतं. माहेरी निघालेल्या बाईला कुणीतरी दारातच बोलत ठेवावं, आणि तिनं भिडेपोटी उभं राहावं, तशी ती खोळंबली होती. फार दमली होती. राजनंदिनीच्या मनात आलं, हिला मी पण भिंतीवर टांगणार... मीही हिला जाऊ देणार नाही...

“जा बाई,” ती पुटपुटली आणि बोटं काढून घेतली.

चित्र वळलं, डोहाकडे गेलं, स्वतःभोवती एकदा फिरलं आणि पाण्याखाली गेलं. जाता जाता त्या पापण्या मिटल्या. पुढं कैक वर्षं राजनंदिनी हे शपथेवर सांगायची. डोहातून बांगड्यांचा आवाज आला, एकदाच.

धुक्यातून सिद्धू धापा टाकत आला.

“घावलं का?”

“हाताला लागलं होतं.” तिचे दात वाजत होते. “सोडलं मी.”

“सोडलं? तुमी?” तो बघतच राहिला. “मग आता... कशाला याल हितं?”

“अहो, पुस्तकासाठी मी एकदाच पाण्यात शिरले होते,” ती म्हणाली, आणि तिला रडू आणि हसू एकदमच आलं. “पहिल्या शनिवारी. नंतरचे सगळे शनिवार तुमचेच होते... तुम्हाला कळलं कसं नाही?”

सिद्धूनं गळ्यातला मफलर काढला, तिच्या गारठलेल्या हातांभोवती गुंडाळला आणि हात तसेच धरून ठेवले.

वरच्या पायरीवर कुशाबाई कधी येऊन उभी राहिली, दोघांनाही कळलं नाही. तिनं पदरानं डोळे पुसले.

“आमच्या दादानं चित्र धरलं आन् बायकू सोडली,” ती म्हणाली. “तू चित्र सोडलंस. चल पोरी, घरी चल.”